चार सूत आणि बारा मिलिमीटर

सोमवार, ४ जानेवारी १९६५

ही डायरी माझ्या मेहुण्याला, सुमतीच्या भावाला, खताच्या दुकानातून मिळाली, त्याने ती माझ्या गळ्यात मारली. दर पानाच्या तळाशी युरिया कसा टाकावा ते छापलं आहे. असो. लिहिण्यासारखं काही घडलं की लिहीन, उगाच पानं काळी करणार नाही.

आज घडलं. मोहरीलसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून चक्क बसायला सांगितलं. वरून पत्र आलं आहे. ३१ मार्चनंतर आपल्या सरकारी ट्रॅक्टर दुरुस्ती केंद्राच्या स्टोअरमध्ये एकही इंच दिसता कामा नये, सगळं मिलिमीटरमध्ये पाहिजे. साहेब म्हणाले, "बक्षी, हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार?" गेल्या वर्षी उंदीर मारायच्या मोहिमेच्या वेळीही ते हेच म्हणाले होते, पण आज सूर निराळा होता. एप्रिलमध्ये अधीक्षकाची जागा रिकामी होते आहे, हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं.

घरी येऊन सुमतीला सांगितलं, तर म्हणते, "इंच काय उंदीर आहेत, मारायला?" या बाईला माझ्या नोकरीचं गांभीर्य कधी कळणार देव जाणे.

शनिवार, ९ जानेवारी

झालं! तक्ता तयार आहे. इतकं सोपं होतं की इंजिनीयर लोकांना का सुचू नये याचंच नवल वाटतं.

अडचण अपूर्णांकांची होती. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. आता हे .७ घेऊन कुठे हिंडायचं? मग आण्यांचे नये पैसे झाले तेव्हाचा नियम आठवला. अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा पूर्ण आकडा धरा, नाहीतर सोडून द्या. अख्ख्या देशाने त्या नियमावर भाजी घेतली, कोणाचं काही बिघडलं नाही. तोच नियम मी बोल्टला लावला. पाव इंच म्हणजे ६, पाच-सोळांश म्हणजे ८, तीन-अष्टमांश म्हणजे १०, आणि अर्धा म्हणजे १३. लाल शाईने चौकटी आखल्या. देखणा दिसतो.

सुमतीने वाचून विचारलं, "तुम्ही शेराचा किलो केला तेव्हा दोन महिने आपण वरण प्यायलो होतो, तसं नाही ना होणार?" वरण आणि बोल्ट यांत फरक आहे.

बुधवार, १३ जानेवारी

नवे मेट्रिक बोल्ट आले, अकरा खोकी. पण १३ चा एकही नाही. पुरवठादाराला फोन केला, तर तो उर्मटपणे म्हणाला, तेराचा बोल्ट कोणी करतच नाही, बाराचा घ्या. म्हणजे तक्ता बरोबर आणि बाजार चूक. शेवटी नाइलाजाने अर्ध्या इंचासमोर १२ केलं. एवढ्या-तेवढ्याने काय होतं?

मग जुने आणि नवे एकत्र करायला घेतले. पाच-सोळांशच्या खान्यात नवे ८ ओतले, अर्ध्या इंचाच्या खान्यात नवे १२. वरती नवी चिठ्ठी. दोनशे चौदा खाने होते, ते आता एकशे नऊवर आले. जागेची केवढी बचत!

एवढ्यात बळीराम फिटर आला. हा पारशिवनीकडचा गडी. हाताला यश आहे, पण तोंडाला लगाम नाही. अकरा वर्षं टेम्पररी आहे. त्याची कायम होण्याची फाइल यंदा कुठे साहेबांच्या टेबलावर पोचली आहे. मार्चअखेर तोंडी परीक्षा आहे. त्यात पास झाला तर कायम, नापास झाला तर वय उलटून गेल्यामुळे सरळ घरी. अशा माणसाने किती जपून बोलायला पाहिजे! पण नाही.

"बाबूजी, हे दोन येका खान्यात नोका टाकू."

"काहून?" मी विचारलं. यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडात काहून येतं.

"याची चुडी येगळी, त्याची येगळी." बोल्टच्या आट्यांना हे लोक चुडी म्हणतात. त्याने जुन्या अडीच सुताच्या बोल्टवर नवा आठचा नट चढवून दाखवला. अडीच सूत म्हणजे पाच-सोळांश इंच. आठ सुतांचा इंच होतो, चार सुतांचा अर्धा. "पाहा जी, दोन फेरे गेला अन् अडून बसला."

"तेल दे."

"तेलानं चुडी बदलत नाई जी."

मी त्याला तक्ता दाखवला. त्याने लाल रेघांवरून बोट फिरवलं. म्हणाला, "कागद मस्त आखला बाबूजी." निदान एवढी तरी कदर आहे.

गुरुवार, २१ जानेवारी

भयंकर प्रकार उघडकीस आला. आठ मिलिमीटरच्या बोल्टसाठी जो पाना आला आहे, त्यावर १३ छापलं आहे! मी स्वतः पट्टी लावून मोजलं. सरळ पाच मिलिमीटरची तफावत. बोल्ट आठचा तर पाना आठचाच हवा, हे शेंबडं पोर सांगेल. यात कोणीतरी लबाडी केली आहे. पुरवठादाराला खुलासा मागणारं कडक पत्र काढलं, प्रत साहेबांना.

बळीराम म्हणे, "पाना बोल्टच्या डोक्याले लागते बाबूजी, अंगाले नाई." याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर पाठ आहे.

सोमवार, १ फेब्रुवारी

आज मला सक्ती करावी लागली. लिहितानाही वाईट वाटतं आहे, पण शिस्त ती शिस्त.

बळीरामच्या बाकाखाली डालड्याचा रिकामा डबा सापडला. आत बोल्ट. महाराज रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या खान्यांतून बोल्ट काढतात, दोन बोल्ट एकमेकांना चिकटवून उजेडाकडे धरतात, मध्ये फट दिसली की एक इकडे, एक तिकडे. असे चारेकशे त्याने निवडून ठेवले होते. म्हणजे सरकारी स्टोअरच्या आत दुसरं स्टोअर! ना नोंद, ना चिठ्ठी, ना सही.

"हे काय आहे?"

"हे चार सुताचे, खालचे बाराचे. काम पडते जी. ट्रॅक्टर थांबून राह्यते."

"आपल्याकडे आता सूत नाही, बळीराम. सूत गेलं. इथे आता फक्त बारा आहे."

डबा जप्त केला आणि सगळे बोल्ट त्याच्यासमोर खान्यात ओतून हाताने नीट ढवळले. त्याने खाली सांडलेला एक उचलून स्वतःच खान्यात टाकला. मला वाटतं, त्याला पटलं असावं.

बुधवार, १० फेब्रुवारी

अभिनंदनाचं पत्र! खान्यांची संख्या निम्म्यावर आणल्याबद्दल केंद्राचा गौरव झाला आहे. माझा तक्ता साहेबांच्या सहीने खात्याच्या सतराही केंद्रांना गेला. सुमतीला पत्र वाचून दाखवलं. त्यात माझं नाव नाही हे तिने लगेच हेरलं. पण गौरव कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणखी एक. फिटर लोकांच्या परीक्षेत आता मेट्रिकवर एक प्रश्न असेल आणि तो चुकला तर माणूस नापास. प्रश्न आणि उत्तर माझ्या तक्त्यातूनच घेतलं आहे: 'अर्ध्या इंचाच्या बोल्टऐवजी कोणता मेट्रिक बोल्ट वापराल? उत्तर: १२ मि.मी.' परीक्षक साहेब आणि मी. माझ्या डोक्यातून निघालेलं वाक्य परीक्षेत विचारलं जाईल, असं मॅट्रिकला दोनदा बसताना कधी वाटलं नव्हतं.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

काय लिहू?

सकाळी रुपराव ड्रायव्हर सात नंबरचा ट्रॅक्टर घेऊन बेशा गावाला निघाला होता. सीट ढिली झालेली. बळीराम रजेवर, लेकीला पाहायला पाहुणे यायचे होते. मी रुपरावला खान्यातले चार बोल्ट स्वतःच्या हाताने दिले. तक्त्याप्रमाणे, बारा. सीटखालच्या जुन्या, अर्ध्या इंचाच्या नटांत त्याने बसवले. म्हणाला, "बाबूजी, हे हलून राहिले ना."

मी म्हटलं, "ताण. ताणलं की बसतं." त्याने ताणलं. बसलं.

बेशाजवळ गव्हाच्या वावरात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चाक उतरलं आणि सीट रुपरावसकट निघाली. नशीब थोर, तो उजवीकडे पडला. डावीकडे पडता तर नांगराखाली जाता. खांद्याचं हाड मोडलं आहे. मी भेटायला गेलो, तर हसून म्हणतो, "खुर्ची मोठी बेइमान निघाली बाबूजी."

चारही बोल्ट मागवून पाहिले. नवेच आहेत, बाराचेच आहेत. आट्यांचा पार भुगा झाला आहे. कारण कळत नाही. माल हलका असावा.

रविवार, २१ फेब्रुवारी

दोन बोल्ट खिशात घालून घरी आणले होते, एक जुना अर्ध्या इंचाचा, एक नवा बाराचा. कालपासून ओसरीवर बसून नुसता बघतो आहे. सारखेच तर दिसतात.

सुमती केस विंचरता विंचरता आली. माझ्या हातातून दोन्ही घेतले, एकमेकांना टेकवले आणि म्हणाली, "अहो, या दोन वेगळ्या फण्यांचे दात आहेत. एकाचे दाट, एकाचे विरळ. हे एकमेकांत कसे बसतील?"

मी उजेडाकडे धरून पाहिलं. पहिले एक-दोन दात बसतात. मग फट. मग मोठी फट. सात वाजेपर्यंत पाहत होतो, फट काही जाईना.

म्हणजे तक्त्यात मी फक्त जाडी मोजली. दात मोजलेच नाहीत. एवढी साधी गोष्ट! चौदा वर्षं मी स्टोअर सांभाळतो आहे, हजारो बोल्ट वाटले, पण एकही कधी स्वतःच्या हाताने फिरवून पाहिला नाही. रुपरावच्या खांद्याचं हाड मीच मोडलं. लाज वाटते. जेवण गेलं नाही.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

साहेबांना सगळं सांगितलं. मनात भाषण ठरवून गेलो होतो, पण चारच वाक्यं झाली.

साहेब शांतपणे म्हणाले, "बक्षी, बसा. चहा घ्या. तक्ता कुठे कुठे गेला?"

"सतरा केंद्रांना."

"कोणाच्या सहीने?"

"आपल्या."

"मग तो चूक कसा असेल?"

रुपरावचं विचारलं, तर म्हणाले, तो सीटवर वाकडा बसला असेल, तसा अहवाल गेलाही. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "एप्रिल जवळ आला आहे. तुमचं नाव मी वर दिलं आहे. कशाला घाण करता?"

चहा प्यायलो. चांगला होता. स्वतःची किळस आली.

शुक्रवार, १२ मार्च

गेले दोन-अडीच आठवडे जेवणाच्या सुट्टीत बळीराम आणि मी स्टोअरचं दार लोटून बोल्ट निवडतो आहोत. वरच्या चिठ्ठ्या तशाच, मिलिमीटरच्या. आत मात्र लाकडी फळी घालून एका खान्याचे दोन केले आहेत. मला फट दिसायला वेळ लागतो. तो बोटांनीच ओळखतो.

माझी चूक झाली, हे त्याला सांगितलं. वाटलं होतं, चार शब्द ऐकवील. तर म्हणाला, "जो बोल्ट बसत नाई ना बाबूजी, तो चांगला. तोंडावर नाई म्हणते. हा बारा चार सुतात बसल्यासारखा करते, याचंच भेव." आणि पुढचा उचलला.

मग मी परीक्षेचं काढलं. प्रश्न सांगितला, उत्तरही सांगितलं. हे नियमाविरुद्ध आहे, माहीत आहे.

"म्हणजे मी बारा म्हणू?"

"म्हण."

"रुपराव पडला तरी?"

"बळीराम, अकरा वर्षं झाली. घरी तीन लेकरं, मोठीचं लग्न ठरून राहिलं आहे. एक शब्द तर आहे. म्हणून टाक आणि मोकळा हो."

त्याने हातातला बोल्ट खान्यात टाकला. शेवटी म्हणाला, "खोटं सांगायची परीक्षा असते, हे मले आधी मालूम नव्हतं." मग दुपारभर माझ्याशी बोलला नाही. माझ्यावर रुसायचा त्याला हक्क आहे, हे मला आता मान्य आहे.

शुक्रवार, २६ मार्च

दोन दिवस झोप नाही. उद्या परीक्षा.

आज देवपूजा करताना एकदम ठरलं. उद्या बळीराम खरं तेच सांगणार. तो तसलाच माणूस आहे, माझं थोडंच ऐकतो! 'एकही बसत नाही' म्हणेल. साहेब म्हणतील, चूक. आणि तेव्हा मी म्हणेन, बरोबर. परीक्षक मीही आहे. सही माझीही लागते. दोन्ही बोल्ट टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, साहेब, आपण स्वतः फिरवून पाहा. मग अधीक्षकपद गेलं खड्ड्यात.

सुमतीला सांगितलं. तिने रात्री न मागता दोनदा भाकरी वाढली. बोल्ट रुमालात बांधून कोटाच्या खिशात ठेवले आहेत. वीस वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. बळीरामला आधी सांगावं असं मनात आलं होतं. पण म्हटलं, उद्या त्याला आपोआप दिसेलच, बक्षीबाबू काय चीज आहे ते.

शनिवार, २७ मार्च

लिहितोच. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

बळीराम धुतलेलं धोतर आणि कोणाचा तरी कोट घालून आला होता. बाहेर त्याची बायको जयवंता धाकट्याला कडेवर घेऊन उभी. पहिले सहा प्रश्न त्याने फटाफट उडवले. गिअरबॉक्सबद्दल सांगताना तर साहेबच त्याला शंका विचारू लागले.

सातवा प्रश्न मी वाचला. "अर्ध्या इंचाच्या बोल्टऐवजी कोणता मेट्रिक बोल्ट वापराल?" माझा एक हात खिशात, रुमालाच्या गाठीवर. गाठ सोडलीही होती. मनात म्हणत होतो, बोल बाबा, बोल, मी आहे.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं, जयवंता उभी होती तिकडे. मग खाली मान घातली.

"बारा, साहेब."

"खात्री आहे?" साहेब खूश झाले होते.

"हो जी. बक्षीबाबूंनी तक्त्यात लिवलं हाय ना. बराब्बर बारा."

आता मी काय करायचं होतं, कोणी सांगेल? मी 'चूक' म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं आणि तो घरी गेला असता. मी 'बरोबर' म्हटलं तर तो कायम होणार, आणि सतरा केंद्रांतल्या सीटा तशाच राहणार. साहेब माझ्याकडे पाहत होते. बळीराम फरशीकडे पाहत होता. खिशात ते दोन लोखंडाचे तुकडे घामाने ओले झाले होते.

"बरोबर," मी म्हटलं. दहापैकी दहा दिले. सही केली. साहेबांनी खाली सही केली.

बाहेर जयवंताने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकलो, तर तिला वाटलं, मी नम्र आहे.

गुरुवार, १५ एप्रिल

आज दोन हुकूम आले. एक माझा, अधीक्षकपदाचा. एक बळीरामचा, कायम फिटर. साहेबांनी दोघांनाही हार घातला.

दुपारी तो स्टोअरमध्ये पेढे घेऊन आला. मी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. शेवटी विचारलंच. "बळीराम, तू त्या दिवशी खरं काहून नाही सांगितलं? मी तुझ्या बाजूने बोलणार होतो. बोल्ट खिशात होते माझ्या."

तो चकित झाला. "तुमीच तं म्हणाले होते, बारा म्हण."

"म्हटलं होतं. पण नंतर बदललं ना मन."

"मंग सांगाचं ना जी!" म्हणाला. रागावला नव्हता, नुसतं नवल करत होता. मग कोटाच्या आतल्या खिशातून हुकूम काढला, उलगडला, पुन्हा घडी केली. "जाऊ द्या. आता विचारा मले. काय विचाराचं ते विचारा."

"काय विचारू?"

"तोच सातवा सवाल विचारा. सायबापुढं विचारा, सतराही सेंटरवाल्यायपुढं विचारा. चार सुताच्या जागी बारा बसते का?" स्टोअरमध्ये तीन माणसं उभी होती, तरी त्याने आवाज उतरवला नाही. "नाई बसत! मानूस पडते! आता मले काढून दाखवा म्हणा कोणी. तवा टेम्पररी होतो बाबूजी, तवा मले खरं बोलणं परवडत नव्हतं. आता मी कायम झालो."

तो गेल्यावर पेढा हातात धरून बसलो होतो. मला कायम होऊन एकोणीस वर्षं झाली.